रिकामी बाटली फेकण्याआधी हे वाचा



लग्न झालं, जत्रा झाली की घराच्या कोपऱ्यात पाण्याच्या आणि शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग लागतो. भंगारवाला चार पैसे देतो, पण त्याच बाटल्या घरात आणि परसात चांगल्या उपयोगी पडतात. त्यातले चार उपयोग आज पाहू. शेवटचा इशारा मात्र न चुकता वाचा.

*1) कडधान्य आणि घरचं बियाणं*
मूग, तूर, चवळी कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मग सावलीत पूर्ण गार करा. बाटली आतून कोरडी ठणठणीत हवी. दाणे गळ्यापर्यंत गच्च भरा, मध्ये मध्ये बाटली आपटा आणि झाकण घट्ट लावा. आत हवाच कमी राहिली की भुंगेऱ्याला प्राणवायू मिळत नाही आणि तो वाढत नाही. दोन लिटरच्या बाटलीत साधारण दीड किलो कडधान्य बसतं. वाण आणि भरल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवा. दाणा ओलसर राहिला तर बुरशी लागेल, त्यामुळे वाळवण्यात घाई नको.

*2) परसातल्या रोपाला थेंब थेंब पाणी*
झाकणाला तापवलेल्या सुईने दोन बारीक भोकं पाडा. बुडाचा भाग कापा, पण थोडा जोडलेला ठेवा म्हणजे तोच वरचं झाकण होईल. बाटली उलटी करून लिंबू, कढीपत्ता, शेवगा अशा नव्या रोपाजवळ चार बोटं खोल रोवा. माती जाऊन भोकं बुजू नयेत म्हणून झाकणावर कापडाचा तुकडा बांधा. दोन दिवस गावाला गेलात तरी रोप तग धरतं. पावसाळ्यात मात्र या बाटल्या काढून ठेवा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.

*3) फळमाशीचा सापळा*
बाटलीच्या वरच्या भागात करंगळी जाईल एवढी तीन-चार भोकं पाडा. तळाशी दोन बोटं साबणाचं पाणी घाला आणि झाकणातून तारेने गंधगोळी (ल्यूर) लटकवा. आंबा, पेरू, चिकू असेल तर मिथाईल युजेनॉल. काकडी, कारली, दोडका असेल तर क्यू ल्यूर. दुकानदाराला पीक सांगूनच गोळी घ्या. या वासाला फक्त नर माश्या येतात. नर कमी झाले की माद्यांचं मीलन होत नाही आणि पुढची पिढी घटते. म्हणून सापळा लवकर लावा, फळ पक्व व्हायची वाट बघू नका. खाली पडलेली किडकी फळं रोज गोळा करून नष्ट करा, नाहीतर नुसत्या सापळ्याने काही होणार नाही.

*4) नरसाळं आणि सुपलं*
बाटलीचा वरचा अर्धा भाग म्हणजे नरसाळं. मुठीची बाटली तिरपी कापली की पेंड, भरडा काढायला सुपलं तयार. फवारणीसाठी वापरलेलं नरसाळं पंपाजवळच राहू द्या, ते स्वयंपाकघरात परत आणू नका.

*⚠️ आता महत्त्वाचं*

*औषधाची रिकामी बाटली यातल्या कशालाही वापरायची नाही.* कितीही धुतली तरी अंश राहतो. औषध मिसळतानाच बाटली तीन वेळा विसळा, ते पाणी पंपातच ओता. मग बाटलीला भोकं पाडून ती निकामी करा. कीटकनाशक नियम, 1971 नुसार रिकामी वेष्टनं उघड्यावर टाकायची नाहीत. ती मोडून वस्तीपासून दूर पुरायची. विहीर, ओढा, कालवा यांच्याजवळ तर अजिबात नको. जाळूही नका.

*आणि उलटही करायचं नाही.* "थोडं तणनाशक दे" म्हणत शेजारी शीतपेयाची बाटली घेऊन येतो आणि आपण ओतून देतो. ती बाटली त्याच्या घरात खिडकीत राहते. लहान मूल चिठ्ठी वाचत नाही, बाटली ओळखतं. काही औषधांचा रंगही शीतपेयासारखाच दिसतो. द्यायचंच असेल तर मापून थेट त्याच्या पंपात घाला. उरलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात ठेवा.

कोणी चुकून औषध प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. लगेच *108* ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना मूळ बाटली सोबत न्या. कोणतं औषध पोटात गेलंय ते डॉक्टरांना लेबलवरूनच कळतं.

आज संध्याकाळी एवढं करा: गोठा, माळा, पंपाची जागा बघा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत औषध भरून ठेवलेलं सापडलं तर आधी मुलांच्या हाताबाहेर कुलपात ठेवा, वर ठळक "विष" लिहा आणि पुढे काय करायचं ते कंपनीच्या कृषी सल्लागाराला विचारा.

हा संदेश घरातल्या महिलांना आणि शेतावर येणाऱ्या मजुरांनाही वाचून दाखवा.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग