क्रिप्टोसाठी नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब

इंदूरला सट्टा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि तिच्या पुढच्या भावावर इथल्या पेढ्यांत सौदे व्हायचे. नंतर कापसाचा जमाना आला. या दोन्ही बाजारांत गाजलेले नाव म्हणजे सर सेठ हुकुमचंद. १८७४ ते १९५९ एवढ्या आयुष्यात त्यांनी सट्ट्यातून उभी केलेली दौलत गिरण्यांत घातली आणि ‘कॉटन किंग’ म्हणून नाव कमावले. इंदुरातली मराठी घरे या खेळापासून बहुतांशी लांबच राहिली. होळकरांच्या दफ्तरात नोकरी, पुढच्या पिढ्यांत शाळा-कॉलेज, बँक किंवा वीज मंडळ, आणि शेवटी पेन्शन असा त्यांचा सरळ रस्ता होता. शेठजींचा सट्टा शेठजींना, आपला पगार आपल्याला. आता ही सीमारेषा पुसली गेली आहे. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत बसलेला इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बिटकॉइन घेतो, इथरियम विकतो आणि दोन-चार महिने बरे गेले की मनात हिशेब मांडू लागतो: दिवसाचे नऊ तास कंपनीला देण्याऐवजी यालाच दिले तर? बिटकॉइन वर जाईल की खाली, यावर घराघरांत वाद चालतात. पण राजीनाम्याचा निर्णय त्या वादावर ठरत नाही. नोकरी सोडल्याने क्रिप्टोतून पैसे मिळण्याची शक्यता वाढते का, एवढाच मुद्दा तपासायला हवा. माझ्या मते ती घटते, आणि भारतात तर ती कायद्यानेच घटवून ठेवली आहे.

आधी कर पाहू, कारण पूर्णवेळ ट्रेडिंगची स्वप्ने रंगवताना सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते. १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर. खरेदीची किंमत वगळता कुठलाही खर्च वजा होत नाही. इंटरनेट, संगणक, सल्लागाराची फी, काहीच नाही. पण दर हा या कायद्याचा सर्वांत कडक भाग नव्हे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही, ही त्याची खरी धार आहे. एखाद्याने वर्षभरात काही नाण्यांत पाच लाख कमावले आणि बाकीच्यांत चार लाख घालवले असे समजा. त्याच्या हाती एक लाख उरला. कर मात्र पाच लाखांवर लागेल, म्हणजे उपकरासह १ लाख ५६ हजार. नफ्यात संपलेले वर्ष करानंतर ५६ हजारांच्या तोट्यात गेले. शेकडो सौद्यांत थोडे हरायचे, थोडे जास्त जिंकायचे आणि फरकावर घर चालवायचे, हाच तर ट्रेडरचा धंदा; आणि नेमका हा फरकच कायदा मान्य करत नाही.

दुसरी अडचण टीडीएसची. १ जुलै २०२२पासून ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक विक्रीवर, नफा असो वा तोटा, १ टक्का कापला जातो. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर ती करात वळती होते किंवा परत मिळते. पण तोपर्यंत ती अडकून पडते. भाव जागचे हलले नाहीत असे धरले, तरी तीच रक्कम फिरवत सुमारे ६९ विक्रीव्यवहार केले की निम्मे भांडवल आयकर खात्याकडे जमा झालेले असते. रोज एक सौदा करणाऱ्याची ही गत अडीच महिन्यांत होते. पगारदाराचे याच्याशी ताडून पाहा. २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे ही मर्यादा १२ लाख ७५ हजार पडते. क्रिप्टोतून तेच १२ लाख कमावणाऱ्याला ही सवलत नाही. त्याचा कर होतो ३ लाख ७४ हजार ४०० रुपये. सरकारचे हे धोरण अन्यायकारक आहे असे म्हणता येईल, आणि तोटा वजा न होण्याबाबत मलाही तसेच वाटते. पण कायदा अन्यायकारक आहे म्हणून तो आपल्या घरखर्चातून वजा होत नाही.

यावर जाणकार ट्रेडर सांगतील की आता प्रत्यक्ष नाणी कोण घेतो, सौदे फ्युचर्समध्ये होतात आणि तिथे एक्स्चेंज टीडीएस कापत नाहीत. खरे आहे. पण तिथे सेबीचे नियमन नाही, आणि जिथे ते आहे त्या शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचे आकडे काही उत्साह वाढवणारे नाहीत. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला, आणि खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा मिळवणारे फक्त १ टक्का निघाले. तो एक लाखही तीन वर्षांचा. इंदुरात साध्या नोकरीत तेवढे काही महिन्यांत मिळतात. चिकाटीने हात बसेल, ही आशाही संशोधनाने टिकू दिलेली नाही. ब्राझीलमधल्या एका गाजलेल्या अभ्यासात ३००हून अधिक दिवस टिकून राहिलेल्या डे-ट्रेडरांपैकी ९७ टक्के तोट्यात होते. क्रिप्टोबद्दल बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने २०२२मध्ये ९५ देशांतल्या ॲप वापरणाऱ्यांची माहिती तपासून निष्कर्ष काढला की बिटकॉइनमध्ये बहुधा तीन-चतुर्थांश लोकांचे पैसे गेले असावेत.

मग ज्यांनी कमावले ते कोण? हा आक्षेप टाळून चालणार नाही, कारण कमावणारे आहेतच. नोव्हेंबर २०२१मध्ये बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरवर होता. वर्षभरात, एफटीएक्स हे अवाढव्य एक्स्चेंज बुडाले तेव्हा, तो १६ हजारांच्या खाली आला. मार्च २०२४मध्ये त्याने जुनी पातळी ओलांडली आणि डिसेंबर २०२४मध्ये एक लाख डॉलरचा टप्पा पार केला. ज्याने ती सव्वादोन वर्षे कळ काढली तो नफ्यात आला. पण कळ काढता आली कोणाला? ज्याचा किराणा, घराचा हप्ता आणि मुलांची फी दुसऱ्या पैशातून भागत होती त्याला. नाणी विकूनच घर चालवणाऱ्याला त्या पडझडीत तेवढ्याच रुपयांसाठी तिप्पट-चौपट नाणी विकावी लागली, आणि विकलेली नाणी भाव चढला म्हणून परत येत नाहीत. क्रिप्टोतला मोठा नफा आजवर थांबून राहणाऱ्याला मिळाला आहे, आणि थांबण्याची ताकद पगारातून येते. ती ताकद द्यायची आणि बदल्यात दिवसभर पडद्यासमोर बसण्याचा वेळ घ्यायचा, हा सौदा सराफ्यातला कुठलाही जुना दलाल तोट्याचाच म्हणेल.

भाव सोडा, दुकानच बंद पडले तर? जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि व्यवहार थांबले. सिंगापूरच्या न्यायालयातून मार्ग निघून ते पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. पगारदारासाठी ती अडकलेली बचत होती. ज्याचे सगळे त्यातच होते त्याचे सव्वा वर्ष बिनपगारी गेले. परस्पर नाणी विकून रुपये खात्यात घेणाऱ्यांचे हालही असेच. समोरच्याने पाठवलेले पैसे सायबर फसवणुकीतले निघाले की पोलिसांच्या सूचनेवरून बँक खाते गोठते, आणि ते सोडवण्यासाठी परराज्यातल्या ठाण्यापर्यंत हेलपाटे घालावे लागू शकतात. याशिवाय धोरण आहेच. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये क्रिप्टो कंपन्यांची बँकसेवा तोडली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये तो आदेश रद्द केला, दोन वर्षांत करांचा बडगा आला. इंदूरला हा अनुभव नवा नाही. ब्रिटन आणि चीन यांच्यात १९०७ साली करार झाला आणि काही वर्षांत माळव्याच्या अफूचा चिनी बाजार संपला. अलीकडे, डिसेंबर २०२१मध्ये, सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि सोयाबीनच्या या राजधानीतल्या व्यापाऱ्यांचे गणित एका आदेशाने बदलले. भाव बाजार ठरवतो; बाजार उघडा राहील का, हे सरकार ठरवते.

नोकरी तरी कुठे सुरक्षित आहे, हा या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार प्रतिवाद, आणि इंदुरात त्याचा पुरावा समोर उभा आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे २२४ कोटी रुपये मार्गी लागायला २५ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. बत्तीस वर्षे! कित्येकांनी त्या वाटेकडे डोळे लावूनच प्राण सोडला. आयटीतही तेच: टीसीएसने जुलै २०२५मध्ये १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि त्या कंपनीचे मोठे संकुल इंदुरात आहे. तेव्हा पगार म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे मान्य. पण त्यातून निघते काय? एकाच उत्पन्नावर सगळे घर टांगू नये, एवढेच निघते. आणि पगार सोडून फक्त क्रिप्टोवर जगणारा नेमके तेच करतो. तेही अशा उत्पन्नावर, ज्याला ना भविष्यनिर्वाह निधी आहे, ना आरोग्यविमा, ना गृहकर्जासाठी बँकेला दाखवता येईल अशी पगाराची पावती. गिरणी कामगाराला निदान न्यायालयात मागायला काही देणे तरी होते.

क्रिप्टोत ट्रेडिंगखेरीज खरे कामही आहे, हे मात्र विसरू नये. पॉलिगॉन हा जगभर वापरला जाणारा प्रकल्प २०१७मध्ये मॅटिक या नावाने मुंबईतूनच सुरू झाला. २०२२मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा जो प्रयोग झाला, तो त्याच तंत्रावर. प्रोग्रॅम लिहिणारे, त्यातल्या चुका शोधणारे, नियमांचे पालन पाहणारे अशा लोकांना या क्षेत्रात मागणी आहे, आणि आयआयटी किंवा एसजीएसआयटीएसमधून बाहेर पडणाऱ्या मुलाने तिकडे वळण्यात मला काहीच वावगे वाटत नाही. पण ती एक नोकरी बदलून दुसरी घेणे झाले, आणि नोकरीचेच नियम तिला लागू. बाजार पडला की इथे माणसे झपाट्याने कमी होतात. जून २०२२मध्ये अमेरिकेच्या कॉइनबेसने १८ टक्के कर्मचारी एका दमात काढले. पगाराचा मोठा भाग कंपनीच्या स्वतःच्या टोकनमध्ये देऊ करणाऱ्याला रुपये मागावेत.

या दोन्हींत न बसणारा तिसरा प्रकार इंदुराला चांगलाच ओळखीचा आहे. शेअर बाजाराच्या ‘टिप्स’ फोनवरून विकणाऱ्या कंपन्यांचे हे शहर देशभर अड्डा म्हणून बदनाम झाले आणि खात्रीचा परतावा सांगणाऱ्या इथल्या अनेक सल्लागारांवर सेबीने आदेश काढले. त्या कंपन्यांचे उत्पन्न बाजारातून नव्हे, गिऱ्हाइकाच्या फीतून यायचे. क्रिप्टोत ‘मी नोकरी सोडली, तुम्हीही सोडा’ असे सांगणाऱ्या पुष्कळांचे उत्पन्न तसेच आहे: शिकवणी, टेलिग्रामवरचे सशुल्क गट, नवे खाते उघडून दिल्याचे कमिशन. याचेच टोक म्हणजे महिन्याला १० टक्के परतावा सांगणारी गेनबिटकॉइन योजना, जिचा तपास २०१८मध्ये पुणे पोलिसांनी केला आणि जो पुढे सीबीआयकडे गेला. सांगणाऱ्याला त्याच्या ट्रेडिंगचे विवरणपत्र मागावे. ते दाखवायला सहसा कोणी तयार नसतो.

ज्यांना तरीही पूर्ण वेळ द्यायचाच आहे त्यांच्यासाठी अमेरिकेतला २०१४चा एक अभ्यास उपयोगी आहे. नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग तिकडे वळलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, एकदम नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी आढळली. कारण सोपे आहे: नोकरीत असतानाच आपल्याला हे जमते की नाही ते कळते, आणि न जमणारे वेळीच थांबतात. म्हणून राजीनामा लिहिण्याआधी एक्स्चेंजवरून पूर्ण वर्षाच्या सौद्यांची यादी उतरवून घ्या. ती सीएकडे न्या, तोटे वजा न करता ३० टक्के कर आणि उपकर काढायला सांगा, उरलेल्या रकमेतून आरोग्यविम्याचा हप्ता आणि कंपनीने भरलेला भविष्यनिर्वाह निधीचा वाटाही वजा करा. जे उरेल ते पगाराशेजारी लिहा. तेजी आणि मंदी दोन्ही पाहिलेल्या दोन वर्षांत तो आकडा सलग पगारापेक्षा मोठा आला, तर तुम्ही या लेखातला अपवाद आहात आणि माझ्या सल्ल्याची तुम्हाला गरज नाही. तसा आला नाही, तर सोमवारी वेळेवर ऑफिसला जा.