जुन्या कार स्टिरिओला ऑक्स कसं जोडतात? तीन तारांचं हे काम नेमकं कुठे बिघडतं?

पंधरा-वीस वर्षं जुन्या अनेक गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं, स्पीकर चांगले असतात, स्टिरिओवर रेडिओही स्वच्छ वाजतो. अडचण एवढीच की गाणी आता फोनमध्ये असतात आणि स्टिरिओला ती घ्यायला जागाच नसते. अशा वेळी स्टिरिओ बदलण्याऐवजी त्याला ऑक्स, म्हणजे ऑक्झिलरी इनपुट, जोडून घेता येतं. हे काम मुळात तीन तारांचं आहे. मात्र त्याच तीन तारा चुकीच्या जागी गेल्या तर फोन किंवा स्टिरिओ कायमचा निकामी होऊ शकतो.

ऑक्सच्या वायरमध्ये काय असतं?

फोनला लागणाऱ्या ३.५ मिमी पिनवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले तीन भाग असतात. टोकाचा भाग डाव्या बाजूच्या आवाजाचा, मधला उजव्या बाजूचा आणि मुळाकडचा ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही सिग्नलच्या परतीच्या वाटेचा. पिनवर चार भाग असतील तर जास्तीचा एक भाग माइकसाठी असतो आणि स्टिरिओसाठी त्याचा उपयोग नसतो.

या तारांमधून जाणारा सिग्नल अगदी बारीक असतो, साधारण एक व्होल्ट किंवा त्याहून कमी. एवढ्यावर स्पीकर जोरात वाजत नाही. स्टिरिओमधला अँप्लिफायर हा सिग्नल मोठा करून स्पीकरकडे पाठवतो. त्यामुळे फोनचा सिग्नल अँप्लिफायरच्या आधी आत शिरला पाहिजे. पुढची सगळी काळजी याच एका नियमातून येते.

स्टिरिओच्या मागे कोणती तार कशाची?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंमध्ये पिवळी तार बॅटरीतून कायम येणाऱ्या १२ व्होल्टची, लाल तार चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी तार ग्राउंडची असते. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या रंगांच्या जोड्या स्पीकरकडे जातात. कंपनीने बसवलेल्या स्टिरिओत मात्र रंग वेगळे असू शकतात, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग आराखडा पाहणं आणि मल्टिमीटरने खात्री करणं गरजेचं असतं.

मागच्या बाजूला लाल-पांढरे गोल सॉकेट दिसले की अनेकांना ते ऑक्स वाटतं. पण त्यावर ‘प्री आउट’ लिहिलेलं असेल तर तो बाहेर जाणारा मार्ग आहे, तिथे वेगळा अँप्लिफायर जोडतात. ‘ऑक्स इन’ लिहिलेलं असेल तरच फोन तिथे जोडायचा. यात लाल सॉकेट उजव्या बाजूचं आणि पांढरं डाव्या बाजूचं.

स्पीकरच्या तारांना जोडलं तर?

ही सर्वात महागात पडणारी चूक. स्पीकरच्या तारा म्हणजे अँप्लिफायरचं आउटपुट. तिथे फोन जोडणं म्हणजे नळाच्या तोंडातून टाकी भरायला जाणं. त्यात धोकाही आहे. अलीकडच्या बहुतेक स्टिरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सतत सुमारे ६ व्होल्ट असतात, ‘निगेटिव्ह’ म्हणवणारी तार ग्राउंडला जोडलेली नसते. फोन गाडीच्या चार्जरला लावलेला असेल तर त्याचं ग्राउंड गाडीच्या बॉडीशी जोडलेलं असतं. अशा स्थितीत ऑक्सच्या वायरचं ग्राउंड स्पीकरच्या तारेला लागलं की शॉर्ट होतो.

अडॅप्टर कशासाठी लागतो?

अनेक जुन्या कंपनी-फिटेड स्टिरिओंना डिकीत किंवा सीटखाली बसणारा सीडी चेंजर जोडायची सोय असते. म्हणजे बाहेरून आवाज घेणारा मार्ग त्यांच्यात आधीच असतो. पण चेंजरकडून डेटाच्या तारेवर उत्तर आलं नाही तर स्टिरिओ तो मार्ग उघडत नाही. फक्त आवाजाच्या तारा जोडून शांतता मिळते ती यामुळे. ऑक्स अडॅप्टरमधलं छोटं सर्किट चेंजर असल्याचं सोंग घेतं, स्टिरिओ ‘सीडी’ मोडवर जातो आणि फोनचा आवाज सुरू होतो. दर कंपनीची डेटाची भाषा वेगळी असल्याने अडॅप्टर स्टिरिओच्या मॉडेलनुसारच घ्यावा लागतो.

कामाचा क्रम

१. स्टिरिओला सुरक्षा कोड आहे का ते पाहून लिहून ठेवणं. बॅटरी काढल्यावर काही स्टिरिओ कोड दिल्याशिवाय सुरू होत नाहीत.
२. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढणं.
३. पट्टी आणि स्क्रू काढून स्टिरिओ बाहेर ओढणं. अनेक गाड्यांत एअरबॅगच्या वायरिंगवर पिवळं आवरण असतं. त्याला हात लावायचा नाही.
४. अडॅप्टरचा कनेक्टर मागच्या सॉकेटमध्ये बसवणं. गाडीची मूळ वायर कापू नये. वॉरंटीतल्या गाडीत त्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो.
५. अडॅप्टरला वेगळी वीज लागत असेल तर ती चावीबरोबर बंद होणाऱ्या, फ्यूज असलेल्या तारेवरून घेणं. कायम चालू तारेवरून घेतली तर गाडी उभी असतानाही बॅटरी उतरत राहते.
६. जोड सोल्डर करून स्लीव्हने झाकणं आणि वायर गिअर, पेडल, स्टिअरिंगच्या वाटेतून दूर नेणं.
७. डॅशबोर्ड बंद करण्याआधी बॅटरी जोडून आवाज तपासणं.

अॅक्सिलरेटरबरोबर वाढणारी शीळ

सगळं नीट जोडूनही इंजिन सुरू केल्यावर कधी कधी बारीक शीळ ऐकू येते आणि अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. यामागे बहुधा ग्राउंड लूप असतो. फोन चार्जरलाही लावलेला असतो आणि ऑक्सलाही, त्यामुळे त्याचं ग्राउंड गाडीला दोन ठिकाणी मिळतं. अल्टरनेटरच्या करंटमुळे या दोन ठिकाणांमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक पडतो आणि तो गाण्याच्या बारीक सिग्नलमध्ये मिसळतो.

ओळखणं सोपं आहे. फोन चार्जरमधून काढल्यावर शीळ थांबली तर कारण हेच. त्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरमध्ये लावतात. तिच्यातले दोन ट्रान्सफॉर्मर आवाज चुंबकीय मार्गाने पुढे नेतात, तारेचा थेट संबंध मात्र तोडतात. हलक्या दर्जाच्या डबीने बेस थोडा कमी होतो. शीळ घालवण्यासाठी ऑक्सची ग्राउंड तार कापणं हा उपाय नाही, कारण गाण्याची परतीची वाटही तीच आहे.

इनपुटच नसेल तर?

काही स्टिरिओंना बाहेरून आवाज घेण्याची सोयच नसते. मग सर्किट बोर्डवर सोल्डरिंग करावं लागतं आणि ते जाणकार कारागिराचं काम आहे. स्टिरिओ कॅसेटचा असेल तर कॅसेट अडॅप्टर हा सोपा पर्याय आहे. त्यातलं छोटं कॉइल टेपऐवजी थेट प्लेअरच्या हेडला चुंबकीय सिग्नल देतं. एफएम ट्रान्समीटरला वायरिंग लागत नाही, पण शहरात रिकामी फ्रिक्वेन्सी सापडणं कठीण जातं. नव्या फोनला ३.५ मिमी सॉकेट नसेल तर ऑक्सला ब्लूटूथ रिसीव्हर लावता येतो.

म्हणून खरेदीआधी स्टिरिओ बाहेर काढून त्याचा मॉडेल नंबर आणि मागची सॉकेट पाहावीत. कोणता अडॅप्टर चालेल आणि मुळात चालेल का, हे तिथेच ठरतं.