बर्गर खायला कॅटलिनाला

लॉस एंजेलिसच्या हौशी वैमानिकांची सुट्टीतली आवडती फेरी म्हणजे समुद्रातलं कॅटलिना बेट. इथला विमानतळ डोंगरमाथा सपाट करून १,६०२ फुटांवर बांधलाय. धावपट्टी जेमतेम ३,००० फूट, त्यात मध्येच उंचवटा. उतरताना पलीकडचं टोक दिसत नाही. पट्टी संपली असं वाटून नवखा करकचून ब्रेक दाबतो. कड्यापाशी वारा विमान खाली खेचतो, तेव्हा उंची राखूनच यावं. २०१९मध्ये मरीन सैनिकांनी पट्टी काँक्रीटची केली, ते बरंच झालं. बायसन बर्गर इथली खासियत. बेटावर बायसन आले ते १९२४च्या सुमारास, सिनेमाच्या चित्रीकरणासाठी! विमानाचं इंधन मात्र मिळत नाही, परतीपुरतं निघतानाच भरावं.