सौरऊर्जा : ऊन फुकट, पण जमीन कोणाची?

पनवेलच्या या सभागृहात पंखे फिरताहेत, दिवे लागलेत. ही वीज कुठून येते, असं आपण कधी विचारत नाही. खरं सांगायचं तर आम्हीही फार उशिरा विचारायला लागलो.

सूर्य पैसे मागत नाही, हे अगदी खरं. पण एक मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात २०१३ साली महानिर्मितीचा प्रकल्प उभा राहिला, तो १२५ मेगावॉटचा. म्हणजे पाच-सहाशे एकरांचा मामला. आणि हे मेगावॉट भर दुपारचे बरं का! रात्र आणि ढग धरून वर्षाची सरासरी काढली, तर जेमतेम पाचवा हिस्सा पदरात पडतो. रात्रीसाठी वीज साठवावी लागते. आपल्याच रायगडात भिऱ्याला पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारा १५० मेगावॉटचा संच आहे. तो विषय मोठा, पुन्हा केव्हातरी.

आज जमिनीचं बोलू. पनवेलला गुंठ्याचे भाव आपण जाणताच. इथे कोण एवढी जागा देणार? म्हणून प्रकल्प जातात धुळ्याकडे, मराठवाड्याकडे. त्याच धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. वय ८४. दोंडाईच्याच्या सौर प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली, हातात आले सुमारे चार लाख. इतरांना जास्त मिळाले आणि आपल्याला नाही, ही त्यांची तक्रार. खेटे घालून थकले, शेवटी मंत्रालयातच विष घेतलं. २८ जानेवारी २०१८ ला ते गेले. आपण ज्याला स्वच्छ वीज म्हणतो, त्या हिशेबात हे कुठे मांडायचं?

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकत न घेता भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. शिवाय पंपाला दिवसा वीज. रात्री साप-विंचवातून मोटार चालू करायला जाणाऱ्यालाच त्याचं मोल विचारा. आम्हाला ही दिशा बरोबर वाटते.

पण योजनेत सरकारी जमिनीही येतात, त्यात गायरानं आली. गावाला अनुदान मिळतं, ठीक. ज्याच्या शेळ्या तिथे चरत होत्या, त्याचं नाव मात्र कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं. मग त्याचं भाडं कोणी ठरवायचं?