दुखणं अंगावर काढू नका (भाग सहावा) : चिठ्ठीत काय लिहावं?

मागच्या आठवड्यात शेतात जागलीला जाणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं होतं. एकदा रानडुकरांनी पीक लोळवलं की पुढं कित्येक रात्री नुसता वारा सुटला तरी तो उठतो, डबा वाजवतो, हाकारे देतो. जुनाट दुखण्यात आपल्या नसा आणि मेंदू असेच वागू लागतात. मूळची इजा भरून येते, हाकारे थांबत नाहीत. हे वाचून भातकुलीकडच्या काहींनी विचारलं, 'मग अशा माणसाला पाठवायचं तरी कुठं?' आजचा भाग त्यावर.

आमच्या भागातली कापूस वेचणारी बाई डोळ्यांपुढं आणा. ही एकीची गोष्ट नाही, अशा अनेकजणी मी तपासल्या आहेत. वय पन्नाशीचं. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं. जसजसा कापूस भरतो तसतशी ओटी कंबर ओढते. त्याआधी सोयाबीनची सोंगणी, त्याआधी उकिडवं बसून निंदण. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, त्यामुळं वर्षानुवर्षं गोड्या पाण्याचे हंडे डोक्यावरून वाहिलेले. ती येते तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. तीन एक्स-रे, एक एमआरआय, गोळ्यांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या. 'कंबरडं लय दुखते जी, रात्रभर डोया लागत नाही.' एकानं तिला मणक्यात गॅप सांगितलेला असतो, दुसऱ्यानं नस दबलीय म्हटलेलं असतं, तिसऱ्यानं इंजेक्शन दिलेलं असतं, चौथ्यानं 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलेलं असतं.

त्या एमआरआयबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. २०१५ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्यांमध्ये हे प्रमाण ९६ टक्के निघालं. म्हणजे झीज हे बरेचदा पिकलेल्या केसांसारखं असतं. फिल्मवर दिसलं तेच दुखण्याचं कारण, असं दर वेळी धरता येत नाही.

दुखणं एकट्यादुकट्या डॉक्टरच्या आवाक्यात राहत नाही, हे ओळखणारा माणूस होता जॉन बोनिका. इटलीत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला भूलतज्ज्ञ. कुस्त्या खेळून त्यानं वैद्यकीच्या शिक्षणाचा खर्च भागवला. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीत असा माणूस चटकन आपला वाटावा. आखाड्यातल्या जुन्या दुखापतींनी त्याला जन्मभर छळलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्याला दिसलं, की जखम भरूनही काहींचं दुखणं हटत नाही आणि कुठल्याही एका विषयाच्या तज्ज्ञाला त्याचा पत्ता लागत नाही. १९५३ मध्ये त्याचा दुखण्यावरचा ग्रंथ आला. १९६० च्या सुमारास सिएटलच्या विद्यापीठात त्यानं निरनिराळ्या विषयांच्या डॉक्टरांना एका रुग्णाभोवती एकत्र बसवलं. आजच्या पेन क्लिनिकची कल्पना तिथून आली.

पेन क्लिनिकमध्ये नेमकं काय होतं? वेदनातज्ज्ञ, म्हणजे बहुधा भूलतज्ज्ञ, औषधं तपासतो आणि लागलंच तर नसेजवळ इंजेक्शन देतो. फिजिओथेरपिस्ट हालचाल हळूहळू वाढवायला शिकवतो. मानसशास्त्रज्ञ झोप, भीती, उदासी यांच्याकडं पाहतो. चांगल्या ठिकाणी समाजसेवकही असतो, कारण मजुरी बुडाल्याची चिंता हाही दुखण्याचाच भाग आहे. बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचं, हे चक्र तोडणं तिथलं सगळ्यात मोलाचं काम. एक ओळ वेचायची, दुखण्याची वाट न पाहता बसायचं, मग पुढची ओळ. ऐकायला साधं वाटतं. अंगवळणी पडायला महिने जातात.

कोणाला पाठवावं? तीन महिन्यांहून अधिक दुखणाऱ्याला, ज्याचं काम किंवा झोप गेली आहे आणि नेहमीचे उपचार नीट करूनही उतार नाही, अशाला. त्यातही नसांच्या दुखण्याला उशीर करू नये. मधुमेह्याच्या तळपायांची आग, नागीण बरी झाल्यावर मागं राहिलेला ठणका, चटका बसल्यासारखी चमक, मुंग्या ही त्याची भाषा. अमरावतीला तपोवन आहे, १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं. कुष्ठरोगात पायाला काटा रुतलेला कळत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच बधिर पायात, औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावरही, आतून आग होऊ शकते. साध्या वेदनाशामक गोळीनं ती सहसा शमत नाही, तिची औषधं वेगळी आहेत.

आणि कोणाला पाठवू नये, तेही सांगतो. पायातलं बळ झपाट्यानं जातंय, लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय, ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय किंवा पूर्वी कॅन्सर झालेला आहे, अशांनी पेन क्लिनिकची तारीख धरून बसू नये. त्यांनी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं.

आता पाठवताना सोबत द्यायच्या चिठ्ठीकडं येतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका ओळीची चिठ्ठी लिहीत असे : 'क्रॉनिक बॅकएक, प्लीज डू द नीडफुल.' ती घेऊन गेलेल्या माणसाची कहाणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. तेच एक्स-रे, त्याच गोळ्या. आपल्याकडं 'रेफर केलं' म्हणजे डॉक्टरनं हात टेकले असा अर्थ घेतात, आणि तशी चिठ्ठी तो अर्थ खरा करते. आज मी लिहितो ती साधारण अशी :

'वय ५२, शेतमजूर. कंबर व डावा पाय, तीन वर्षांपासून. सुरुवात हंडा उचलताना. पायातलं बळ शाबूत, लघवी-संडासवर ताबा, वजन स्थिर. डायक्लोफेनॅक दोन वर्षं जवळपास रोज, पित्ताचा त्रास. क्रिएटिनिन मागच्या महिन्यात ठीक. मधुमेह नाही. झोप जेमतेम तीन तास. वेचणी सुटली, खाली बसून भाकरी थापता येत नाही. घरात कर्जाची काळजी. तिची अपेक्षा : अर्धा दिवस तरी शेतात जाता यावं. आपल्याकडून हवं : औषधांचा फेरविचार, व्यायामाची आखणी, झोप आणि मनःस्थितीची तपासणी. पुढची देखरेख मी इथं करीन.'

हे लिहायला दहा मिनिटं लागतात. क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीच्या तपासणीची, ओळ गाळू नये. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर किडनीला इजा होऊ शकते, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या मजुराला हा धोका अधिक. शेवटची ओळ तर सगळ्यात महत्त्वाची. तिच्यामुळं रुग्णाला परतीची वाट राहते.

पाठवण्याआधी रुग्णाशी बोलणं तितकंच गरजेचं. मानसोपचाराचं नाव काढलं की बाई विचारते, 'मले काय येड लागलं का जी?' तिला स्पष्ट सांगावं, की दुखणं खरं आहे आणि तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. नसांच्या दुखण्यावर दिली जाणारी अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी जास्त मात्रेत उदासीवर देतात. दुकानदारानं 'ही डोक्याची गोळी आहे' म्हटल्यावर ती कचऱ्यात गेल्याचं मी पाहिलंय. दुखणं पूर्ण जाईल असं वचन मात्र देऊ नये. ते निम्म्यावर यावं, झोप लागावी, हातपाय चालते राहावेत, एवढं मागणं रास्त आहे.

जायचं कुठं, तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्र विभागात जाऊन पेन ओपीडी आहे का, असल्यास कोणत्या वारी, असं विचारावं. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीत २०२४ पासून. सगळी मंडळी एका खोलीत नसली, तर अस्थिरोग, फिजिओथेरपी आणि मानसोपचार अशी तीन दारं एकाच चिठ्ठीनं जोडता येतात; ती जोडण्याचं काम गावातल्या डॉक्टरनं अंगावर घ्यावं. अमरावतीच्या नव्या महाविद्यालयानं वेदना विभाग पहिल्या काही वर्षांतच उभा करावा, ही माझी जाहीर मागणी आहे. कापसाच्या मुलखाला त्याची गरज इतर कोणाहून कमी नाही.

वाचकांनो, तुम्हाला कुठंही पाठवलं जात असेल तर खुर्चीतून उठण्याआधी डॉक्टरांना विचारा : कशासाठी पाठवता आहात, आणि परत तुमच्याकडं कधी येऊ? दोन्ही उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत ठेवा, आणि दुखण्यामुळं कोणतं काम सुटलं ते घरच्या माणसाला एका कागदावर लिहायला सांगा. तो कागद एमआरआयच्या वर ठेवा.