आगीने खणलेले सोने

कॅनडाच्या वायव्य भागात, युकॉन आणि क्लोंडाइक नद्यांच्या संगमावर डॉसन हे गाव आहे. १८९६ ते १८९९ या काळात तिथल्या ओढ्यांकाठी सोने खणायचे, तर आधी सरपण तोडावे लागे. जमीन बारा महिने गोठलेली, कुदळीला दाद न देणारी, आणि सोने तर खाली, तळखडकालगतच्या वाळू-गोट्यांत.

ऑगस्ट १८९६ मध्ये टॅगिश जमातीचे स्कूकम जिम व डॉसन चार्ली आणि त्यांचा नातलग जॉर्ज कार्मॅक यांना रॅबिट क्रीक या ओढ्यात सोने सापडले. पुढे तोच ओढा ‘बोनान्झा’ म्हणून गाजला. जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन दोन जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली, आणि सुमारे एक लाख माणसे घर सोडून उत्तरेला निघाली.

खणायचा हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात वरचा थर विरघळून विहिरीसारख्या खड्ड्यात पाणी भरे. थंडीत मात्र खड्डा कोरडा राही आणि गोठलेल्या भिंती लाकडी टेकूंशिवाय उभ्या राहत. संध्याकाळी तळाशी लाकडे रचून पेटवायची, रात्रभर जळू द्यायची आणि सकाळी राख व सैल झालेली माती उपसायची. एका जाळाने जेमतेम वीतभर, फार तर फूटभर जमीन सुटे. एक जण खाली बादली भरी, दुसरा वर रहाट फिरवी. तळखडक लागला की तिथून आडवे बोगदे काढत. त्यांत धूर कोंडून डोळे जळत, कधी विषारी वायूने जीवही गुदमरे. बाहेर पारा उणे चाळीसच्याही खाली.

वर आलेली माती ढिगात पडताच पुन्हा गोठे. तिच्यात सोने किती, याचा अंदाज घ्यायला खाणकामगार झोपडीत बर्फ वितळवून थाळीभर माती धूत. खरा हिशेब वसंतात. ओढे वाहू लागले की लाकडी पन्हळी जोडून त्यांत पाणी सोडायचे आणि फावड्याने माती टाकत राहायचे. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू तीन पटही नाही. त्यामुळे वाळू वाहून जाई आणि सोने पन्हळीच्या तळाशी ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांमागे अडके. सराफांच्या दुकानांतली धूळ धुऊन सोने काढणाऱ्या आपल्या झारेकऱ्यांची विद्या हीच.

या पद्धतीचा अर्थ असा, की सहा-सात महिने राबायचे आणि मोबदला वसंतातल्या काही आठवड्यांत. तोवरचे धान्य, सरपण आणि धीर ज्याच्यापाशी असेल, तोच टिके. चिलकूट खिंडीतून वर्षभराची शिधासामग्री पाठीवर वाहत लोक १८९८ च्या उन्हाळ्यात डॉसनला पोहोचले, तेव्हा चांगले ओढे आधीच वाटले गेले होते. मग अनेकांनी मजुरी धरली, काहींनी मालकाशी वाटा ठरवून दुसऱ्याची जमीन खणली. १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमला सोने सापडल्याची बातमी आली आणि हजारो लोक तिकडे वळले.

लाकडाच्या जाळाची जागा लवकरच वाफेच्या नळ्यांनी घेतली, आणि नंतर कंपन्यांची अजस्र तरंगती उपसायंत्रे आली. १९१२ मध्ये बांधलेले ‘ड्रेज नंबर ४’ १९५९ पर्यंत चालले. आज ते बोनान्झा ओढ्याकाठी राष्ट्रीय स्मारक म्हणून जपले आहे.

त्या स्मारकाइतकीच दुसरी नोंदही महत्त्वाची. संगमावर पिढ्यान्‌पिढ्या सामन मासे धरणाऱ्या ट्रॉनडेक ह्वेचिन लोकांना या गर्दीपायी आपली जागा सोडावी लागली. त्यांचे प्रमुख आयझॅक त्यांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेले. २०२३ मध्ये युनेस्कोने ‘ट्रॉनडेक-क्लोंडाइक’ला जागतिक वारसा मानले, ते या लोकांचा वसाहतवादाशी आलेला सामना ध्यानात घेऊनच. क्लोंडाइकचा हिशेब सोन्याच्या वजनावर थांबवला, तर तो अपुरा राहतो. त्यात धुरात राबलेल्या मजुरांचे श्रम धरावे लागतात, आणि ज्यांची नदी गेली त्यांचे नुकसानही.