माझगावच्या गोदीचा हिशेब

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे दरवाजे पाहायला लोक मुद्दाम थांबतात. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर ते इंग्लंडमध्ये ओतवून घेतले, जहाजाने मुंबईला आणले आणि तिथून माळव्यात पोचवले. होळकरांच्या दौलतीला समुद्रकिनारा नव्हता, तरी विलायती माल मागवायचा तर वाट मुंबई बंदरातूनच जाई. पैसे मोजायचे, तयार वस्तू मागवायची, जागेवर बसवायची, ही संस्थानी खरेदीची रीत. दरवाजांपुरती ती पुरेशी होती.

शेजारच्या ग्वाल्हेरने जहाजही असेच घेऊन पाहिले. पहिले महायुद्ध पेटल्यावर माधवराव शिंदे यांनी पुढाकार घेऊन कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज विकत घेतले. त्याचे इस्पितळ-जहाज झाले आणि नाव पडले ‘लॉयल्टी’. युद्धानंतर ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी या मंडळींच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून आजही हीच तारीख पाळली जाते. पण दुसऱ्याने बांधलेल्या जहाजावर कंपनी किती काळ चालणार? सोलापूरच्या वालचंदांनी १९४१ मध्ये विशाखापट्टणमला स्वतःचा जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला.

युद्धनौकांच्या बाबतीत हा प्रश्न जिथे सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला ती जागा मुंबईत, हार्बर लाइनवरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १७७४ च्या सुमारास इथे एक लहानशी सुकी गोदी बांधली गेली. १९३४ मध्ये तिची रीतसर कंपनी झाली. ती बरीच वर्षे परदेशी जहाज कंपन्यांच्या मालकीची होती आणि मुख्य धंदा दुरुस्तीचा. १९६० मध्ये भारत सरकारने ती विकत घेतली. माझगाव डॉक हे नाव आज शेअर बाजारात फिरणाऱ्या तरुणांनाही ठाऊक आहे.

सरकारने गोदी घेतली खरी, पण युद्धनौका बांधायची कशी हे तिथे कोणालाच माहीत नव्हते. व्हिकर्स आणि यारो या ब्रिटिश कंपन्यांशी करार झाला आणि लिअँडर जातीच्या फ्रिगेटचे नकाशे मुंबईत आले. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ‘निलगिरी’चे जलावतरण झाले आणि ३ जून १९७२ रोजी ती नौदलात दाखल झाली. पाठोपाठ आणखी पाच नौका आल्या. शेवटच्या दोन, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, मूळ नकाशापासून इतक्या लांब गेल्या होत्या की त्यांच्यावर सी किंगसारखे जड हेलिकॉप्टर उतरू लागले. पुढे १९८३ ची ‘गोदावरी’ तर भारतीय नौदलाच्या आराखडेकारांनीच आखलेली होती. त्या काळात कारागिरांची एक सबंध पिढी तयार झाली, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात वेगळी दाखवलेली नव्हती.

कारागीर हातचे गेले की काय होते, याचा अनुभव या किनाऱ्याला जुना आहे. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराची बांधणी सुरू केली, तेव्हा रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजाला आणि त्याच्या माणसांना कामावर घेतले होते. ही जहाजे उद्या आपल्यावरच येतील, अशी धास्ती वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना वाटली. त्यांनी ही मंडळी फितवून परत बोलावली. काम अर्धवट राहिले, पण महाराजांचे आरमार थांबले नाही, कारण स्थानिक सुतारही त्याच कामावर होते.

माझगावात हेच नाट्य पाणबुडीच्या निमित्ताने घडले, आणि त्यात कोणी कोणाला फितवले नाही.

११ डिसेंबर १९८१ रोजी भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील शहरात बांधायच्या आणि दोन मुंबईत. माझगावचे वेल्डर, फिटर, अभियंते जर्मनीला शिकायला गेले. पाणबुडीचे वेल्डिंग वेगळेच काम आहे. खोल पाण्यात प्रेशर हलवर, म्हणजे पाणबुडीच्या दाब सोसणाऱ्या कवचावर, चहूबाजूंनी दाब येतो आणि एका सांध्यातली केसाएवढी भेगही माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून सांधे एक्स-रेने तपासतात आणि नापास झालेला सांधा कोरून पुन्हा भरतात. असा हात तयार व्हायला वर्षे लागतात. कीलला बांधलेल्या ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ १९८६ मध्ये दाखल झाल्या. मुंबईची ‘शल्की’ १९९२ मध्ये आली, ‘शंकुल’ १९९४ मध्ये.

आणि मग काही नाही. १९८७ मध्येच या व्यवहारात दलाली दिली गेल्याचा वाद दिल्लीत उफाळला होता. आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा विचार त्यात बुडाला. चौकशी वर्षानुवर्षे चालली आणि न्यायालयात काहीच सिद्ध झाले नाही. इकडे शिकलेले हात दुसऱ्या कामांना लागले, काही निवृत्त झाले, काही नोकरी सोडून गेले. वाद झाला म्हणून खरेदी थांबवणारा अधिकारी सुरक्षित राहतो, हे आपल्या व्यवस्थेचे जुने गणित आहे. थांबल्याची किंमत मात्र कोणाच्याच नावावर मांडली जात नाही.

पुढचा करार व्हायला ऑक्टोबर २००५ उजाडला. या वेळी पाणबुडी फ्रेंच स्कॉर्पीन जातीची होती, संख्या सहा आणि किंमत सुमारे १८,८०० कोटी रुपये. पहिली २०१२ मध्ये आणि शेवटची २०१७ मध्ये मिळायची होती. प्रत्यक्षात शेवटची यायची त्या वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये, पहिली ‘कलवरी’ आली. मधल्या काळात किंमत २३,५०० कोटींच्या वर गेली होती. अलिबागजवळच्या बेटावरच्या किल्ल्याचे नाव घेतलेली ‘खांदेरी’ २०१९ मध्ये, ‘करंज’ आणि ‘वेला’ २०२१ मध्ये, ‘वागीर’ २०२३ मध्ये दाखल झाली. उशिराची कारणे अनेक होती. पण सगळ्यात साधे हे की गोदी पाणबुडी बांधायला विसरली होती, आणि तिला ती विद्या दुसऱ्यांदा, या वेळी फ्रेंचांकडून, विकत घ्यावी लागली.

टॉर्पेडोची गोष्ट तर कोणी कादंबरीत लिहिली असती तर खोटी वाटली असती. या पाणबुड्यांसाठी ‘ब्लॅक शार्क’ हा इटालियन टॉर्पेडो निवडला गेला होता. तो बनवणारी कंपनी ज्या उद्योगसमूहाची, त्याच समूहाचे नाव व्हीआयपी हेलिकॉप्टर खरेदीच्या वादात आले आणि टॉर्पेडोची खरेदीही रद्द झाली. नव्या कोऱ्या पाणबुड्यांना जुन्या पाणबुड्यांसाठी घेतलेल्या जर्मन टॉर्पेडोंवर भागवावे लागले.

मग तयार जहाजच का घेऊ नये? तेही करून झाले आहे. रशियाचे ‘अॅडमिरल गोर्शकोव्ह’ हे विमानवाहू जहाज २००४ च्या करारात जवळजवळ फुकट मिळाले असे म्हणत. पैसे फक्त दुरुस्तीचे, ९७ कोटी ४० लाख डॉलर. ते २००८ मध्ये यायचे होते. दुरुस्तीला हात घातल्यावर आतले कुजलेपण दिसू लागले, आणि २०१० मध्ये हाच आकडा २३० कोटी डॉलरच्या वर ठरला. २०१२ च्या चाचण्यांत आठांपैकी सात बॉयलर नादुरुस्त झाले. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते ‘विक्रमादित्य’ नावाने दाखल झाले. मध्येच सोडून देता येईना, कारण तोवर पैसे गुंतले होते आणि दुसरे जहाज तयार नव्हते. विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक होते. कोचीत बांधलेले ‘विक्रांत’ही उशिरा, म्हणजे २ सप्टेंबर २०२२ रोजी आले आणि त्याला सुमारे २०,००० कोटी रुपये लागले. फरक इतकाच की पैशाचा मोठा भाग देशातल्या कारखान्यांत गेला आणि पोलाद स्टील अथॉरिटीने बनवले.

वर्तमानपत्रात ‘नौदलासाठी इतक्या कोटींच्या खरेदीला मंजुरी’ असा मथळा येतो तेव्हा पैसे कोठेच गेलेले नसतात. ती असते ‘आवश्यकतेची मान्यता’, म्हणजे वस्तू हवी एवढेच सरकारने मान्य केलेले असते. नंतर निविदा, चाचण्या, वाटाघाटी आणि मोठ्या रकमेसाठी मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती. या वाटेवर पाच-दहा वर्षे सहज जातात. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये मिळाले, त्यांपैकी भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी. ऐकायला रक्कम मोठी, पण घरकर्जाचे हप्ते पगारातून आधीच वळते व्हावेत तसा तिचा मोठा वाटा जुन्या करारांच्या देण्यांतच जातो. नव्या खरेदीला उरते ते त्यानंतर, आणि त्यात तिन्ही दले वाटेकरी.

विनाशिकांचा हिशेब पाणबुड्यांपेक्षा बरा आहे, कारण तिथे काम सहसा तुटले नाही. ‘दिल्ली’ जातीनंतर ‘कोलकाता’ जात, तिच्यानंतर ‘विशाखापट्टणम’ जात अशी साखळी माझगावातच चालू राहिली. तरी ‘कोलकाता’ जातीच्या तीन नौकांचा खर्च ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेला. रशियाकडून पोलाद वेळेवर आले नाही, इस्रायलबरोबर बनत असलेले बराक क्षेपणास्त्र तयार नव्हते आणि आराखडाही बांधता बांधता बदलत होता. पुढच्या चार नौकांना अनुभवाचा फायदा झाला. गोदीने ३०० टनांची गोलायथ क्रेन बसवली, मोठे ठोकळे आधीच जोडून, नळ आणि तारा आत घालून मग उचलायची पद्धत आली. गोव्याच्या बंदराचे नाव असलेली ‘मुरगाव’ १८ डिसेंबर २०२२ रोजी दाखल झाली.

त्याच वर्षी दुसरी अडचण उभी राहिली. या विनाशिकांची गॅस टर्बाइन युक्रेनमधल्या मायकोलाइव्हच्या झोर्या-माशप्रोएक्त कारखान्यातून येतात, आणि ते शहर रशियाच्या तोफांच्या पल्ल्यात आले. पुण्याच्या भारत फोर्जने झोर्याच्या भारतातल्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला, तो या पार्श्वभूमीवर. स्वदेशीची टक्केवारी ७५ असो की ८०, जहाज अडते ते उरलेल्या भागात.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस माझगाव डॉकचे शेअर १४५ रुपयांना विकायला निघाले, तेव्हा मागणी १५७ पट आली. गुंतवणूकदार ऑर्डर बुक पाहतो. नौदल डिलिव्हरीची तारीख पाहते. दोघांचे दुःख वेगळे.

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’, नवी ‘निलगिरी’ आणि सहावी स्कॉर्पीन ‘वागशीर’ एकाच दिवशी दाखल झाल्या. तिन्ही माझगावच्या. समारंभ देखणा झाला, पण ‘वागशीर’ बाहेर पडली आणि पाणबुडीच्या शेडला पुन्हा कामाची वाट पाहण्याची वेळ आली. आणखी तीन स्कॉर्पीनना २०२३ मध्येच ‘आवश्यकतेची मान्यता’ मिळाली होती. करार तोवर झालेला नव्हता.

काही तुकडे मात्र जुळताहेत. डिझेल पाणबुडीला बॅटरी भरून घेण्यासाठी सारखे वर यावे लागते आणि नेमकी तेव्हाच ती सापडते. हे टाळणारी इंधनघटाची प्रणाली अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने तयार केली. ३० डिसेंबर २०२४ रोजी तिच्या जोडणीसाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. त्याच दिवशी ‘कलवरी’ जातीवर स्वदेशी जड टॉर्पेडो बसवण्यासाठी फ्रेंच नेव्हल ग्रुपशी ८७७ कोटींचा करार झाला. मोठी दुरुस्ती येईल तेव्हा पाणबुडी कापून तिच्यात अंबरनाथच्या यंत्रणेचा एक सबंध भाग घालायचा आहे.

पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव डॉकने ज्या कंपनीशी हातमिळवणी केली, ती टिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स म्हणजे कीलच्या त्याच जुन्या एचडीडब्ल्यूची वारसदार. २०२५ मध्ये सरकारने वाटाघाटींना परवानगी दिली. १९८० च्या दशकात कीलला जाऊन आलेले वेल्डर केव्हाच निवृत्त झाले आहेत. तिथे बांधलेली ‘शंकुश’ मात्र अजून सेवेच्या यादीत आहे. जून २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने २,७२५ कोटी रुपयांचा करार करून तिचे आयुष्य वाढवण्याचे काम माझगाव डॉकलाच दिले.